अडीच हजारांवरचा काटा

या, जवळ सरकून बसा; एवढीशीच गोष्ट आहे.

महामार्ग मोकळा होता, तरी दाजी इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा अडीच हजारांपुढे जाऊ देईनात. शेजारी बसलेला मेव्हणा मेकॅनिक, त्याला राहवेना.

"दाजी, पेट्रोलचं इंजिन आहे हे. साडेतीन हजारांवर दिवसभर पळवा, कुरकुरणार नाही."

"ते नाही कुरकुरणार. पण आवाज वाढला की आबा जागे होतात."

मागच्या सीटवर दाजींचे वडील घोरत होते. चाळीस वर्षं ड्रायव्हरकी केलेल्या म्हाताऱ्याला हल्ली अंथरुणावर झोपच येत नव्हती.

"बरं, पण जायचंय कुठे?"

"कुठेच नाही. रोज दुपारी दोन तास असंच फिरवून आणतो."

मेव्हण्याने आपल्या बाजूची काच हळूच वर केली.

तुम्ही मागे निजला होता तेव्हा पुढे जो जागा राहिला, त्याची आठवण असू द्या.