विसावं मेंढरू
सडक्या गेमसाठी बदनाम असलेला आमचा स्टुडिओ बंद पडल्यावर मी पुण्याहून गावी, हट्ट्याला परतले. मी केलेला शेवटचा गेम बाबांना फोनवर दाखवला: मेंढरं हाकत आणून वाड्यात कोंडायची. जन्मभर मेंढरं राखलेले बाबा हरखून खेळायला लागले. एकोणीस मेंढरं आत आली, विसावं चालताना जमिनीतून खाली गेलं. ही चूक मला ठाऊक होती. स्टुडिओतले साहेब म्हणाले होते, "राहू दे, लोक पुढं जातात." बाबा पुढं जाईनात. "बाबा, एक मागं राहिलं तरी चालते." "काहून चालते? ऐक, खालून ओरडून राहिलं ते." खरंच, आवाज येत होता. ताटातली भाकरी वाळली, तरी बाबा फोनवर वाकलेलेच. ती चूक दुरुस्त करणारं आता कुणी उरलं नव्हतं. मला ऐकवेना. मी आवाज बंद केला. बाबांनी दचकून पाहिलं. "मेलं का गं?"