कोयत्याचा प्रहार

हौशी लोकांसाठीच्या सॉफ्टवेअरवर मी स्वतःचा गेम रचीत होतो. नायिका माझी आई, सोजरबाई. पुण्याजवळच्या मांजरी गावच्या फडात आयुष्यभर ऊस तोडलेली. तिच्या कोयत्याच्या प्रहारासरशी पाचट उडते, रसाचे थेंब चमकतात, असे दृश्य मी एकेक चित्र जोडून सिद्ध केले.

पुतण्या विश्वजीत म्हणाला, "तात्या, कोयता काढा. पुण्यात ते आता गुंडांचं हत्यार झालंय. तलवार द्या."

"कोयता आमचा आहे. तो मी गुंडांना बहाल करणार नाही," मी उत्तरलो.

नायिकेशी लढायला मी गेममध्ये उभा केलेला कोयताधारी गुंड आईने पडद्यावर न्याहाळला. "ह्याला मारू नगं. कोयता धरायलाबी येत न्हाय पोराला."

 

आता माझ्या गेममध्ये प्रहार बसलेला गुंड मरत नाही. आईच्या मागोमाग फडात वाकून ऊस तोडायला शिकतो.