खंडेनवमीची बोट

इंजिन तिसऱ्यांदा बंद पडलं, तेव्हा जोतिबानं हातातली दोरी सोडली आणि बोटीच्या मागच्या अंगाला वाकून पाहिलं.

बोट गावाच्या वेशीपाशी कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. पुढं ऊस, रस्ता, विजेचे खांब, सगळ्यावरून कृष्णेचं लाल पाणी चाललं होतं. पलीकडं दीड किलोमीटरवर, मळ्यातल्या घराच्या पत्र्यावर बोट सांभाळणाऱ्या नानासोची बायको हरणाबाई बसली होती. सकाळी म्हशींची दावी सोडायला म्हणून गेली आणि अडकली. वल्ही मारत निघावं, तर मधल्या ओढ्याची ओढ बोटीला थेट नदीत नेणार. इंजिनाशिवाय गत्यंतर नव्हतं.

जोतिबा कुपवाडला पंप दुरुस्त करतो. रस्ता बुडायच्या आत मोटारसायकलवरून पोचला तो एकटाच. त्यानं प्लग पुसले, बॅटरीची गंजलेली वायर बदलली, गियर मागं-पुढं टाकून पाहिला. सगळं ठीक होतं. इंजिन सुरूही होत होतं, फक्त गियर टाकून जोर दिला की दोन मिनिटांत तापून बसत होतं.

"धार कुठाय?" त्यानं विचारलं.

"कसली धार?" नानासो म्हणाला.

"इंजान चालू असलं की हितल्या भोकातनं पाण्याची धार पडाय पायजे. खालचं पाणी वर खेचून गार ठेवतंय ते इंजानाला."

नानासोनं अशी धार कधीच पाहिली नव्हती. आणि या बोटीला त्याच्याइतकं तर कुणीच पाहिलेलं नव्हतं. मागच्या मोठ्या पुरानंतर ती गावाला मिळाली, तेव्हापासून ताबा त्याच्याकडं. फौजेत वीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. उभी गाडी मरते, हे त्याचं ठरलेलं वाक्य. म्हणून दर एक तारखेला चावडीसमोर ताडपत्री काढून तो इंजिन पाच मिनिटं चालवायचा, अगदी घड्याळ लावून. खंडेनवमीला तर झेंडूचा हार, नारळ आणि चांगली पंधरा मिनिटं. लोक टाळ्या वाजवायचे. आवाज पार मळ्यात जायचा. संध्याकाळी हरणाबाई घरी आली की म्हणायची, "वाजला बरं का तुमचा इंजान." एवढ्या कौतुकावर गडी वर्ष काढायचा.

जोतिबा खालचे बोल्ट सोडवायला लागला आणि नानासोचा फोन वाजला.

"आवं, निघालासा का? पाणी वळचणीला लागलंय."

"निघालोच." भोवती निम्मं गाव उभं होतं. त्या गावासमोर दुसरं काही त्याच्या तोंडातून निघेना.

"शेजारच्या मळ्यातला गुंडा आलाय काहील घिऊन. त्येच्या आईला माळावर न्यायलाय. मलाबी बस म्हणतोय. बसू का?"

गुऱ्हाळातली गूळ शिजवायची काहील पुरात होडीसारखी वापरायची, ही इकडची जुनी रीत. माणसं निघतात त्यातून. फक्त एकदा धारेला लागली की ती माघारी फिरवता येत नाही.

"बोट असताना काहिलीत बसती व्हय?" नानासो म्हणाला. "लोक काय म्हणतील? बस तितंच. आलोच."

"बरं. धरून ठिवते गुंडाला. तुमचा आवाज आला की मग सोडते."

जोतिबानं इंजिनाचा खालचा भाग उतरवला. आतून रबराचं एक लहानसं चक्र काढलं आणि तळहातावर धरलं. पाकळ्या नावालाच उरल्या होत्या. बाकी काळी भुकटी.

"ह्येच पाणी वर खेचतंय. जळालंय पार. पाण्याबिगर चालवलंय कुणीतरी, कोरडंच. एकदा न्हाई, लय वेळा." त्यानं वर पाहिलं. "कोण चालवत हुतं?"

गाव पाण्याकडं बघत राहिलं. टाळ्या वाजवणारे सगळे तिथंच होते.

"मी," नानासो म्हणाला. "जपायचं म्हणून चालवायचो, जोतिबा."

ट्रॅक्टरची फाटकी ट्यूब मागवून जोतिबा तसलंच चक्र कापायला बसला.

नानासोनं फोन लावला. आता सांगायचं होतं. लाज गेली खड्ड्यात, गुंडासंगं जा, एवढंच सांगायचं होतं. फोन लागेना. परत लावला. रेंज शोधत तो मारुतीच्या पायऱ्या चढला, पार वरपर्यंत गेला. खाली जोतिबानं चक्र बसवलं, बोल्ट आवळले, दोरी गुंडाळली. नानासोला ते दिसलं.

"थांब! सुरू करू नगं, जोतिबा!"

पण तोवर दोरी ओढली गेली होती. इंजिन पहिल्या फटक्याला धरलं आणि सगळ्या पाण्यावरून त्याचा आवाज गेला. मागच्या भोकातून करंगळीएवढी धार पडली. लोक ओरडले. एक क्षण नानासोलाही खरं वाटलं, पायऱ्या उतरून तो पाण्यात शिरला, बोटीच्या काठाला त्यानं हात घातला.

धार बारीक झाली, थेंब थेंब पडली, थांबली. जळक्या रबराचा वास आला. इंजिन एकदा कण्हलं आणि आतून अडकून बसलं. जोतिबानं दोरी ओढून पाहिली. ती हलली नाही.

फोन वाजला. नानासोनं तो कानाला लावला.

"आला बरं का आवाज," हरणाबाई म्हणाली. निर्धास्त झाली होती बिचारी. "गुंडाला म्हणलं, जा तू, आमची बोट आली. गेला बी त्यो." मग तिनं विचारलं, "इंजान बंद केलासा न्हवं? पोचलासा जणू. कुठल्या अंगाला हायसा? मला दिसंना."