आईच्या नावाची प्रजाती

“आणि हे?” बाबांनी कात्रीच्या टोकानं पुढची कुंडी दाखवली.

“जिरेनियम. ग्रीक नाव, म्हणजे क्रौंच पक्षी.”

“नापास. सगळं जग जिरेनियम म्हणतं, पण हे पेलार्गोनियम. क्रौंच नव्हे, करकोचा. फळाची चोच बघ.”

चूक तिनं मुद्दाम केली होती. वीस वर्षं ती वनस्पती संग्रहालयात वाळलेल्या पानांवर वाकून बसत होती. तिला हे ठाऊक नसतं तरच नवल. पण तिला दुरुस्त करताना बाबांना जी तरतरी यायची, ती चहानंही येत नसे. म्हणून दर रविवारी एखादं उत्तर चुकायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

पलीकडच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या शेजारीणबाईंनी टोमणा मारला, की या घराचा धंदाच मुळी नावं ठेवायचा. ठेवतो, पण पुराव्यानिशी, असं बाबांनी सांगितलं. मग एका कुंडीत आपोआप उगवलेलं निळ्या फुलांचं तण बाई उपटायला सांगू लागल्या, तेव्हा बाबांनी त्यांना त्या तणाच्या, कॉमेलिनाच्या, नावाची गोष्ट ऐकवली. एकाच घराण्यातले तिघे. दोघांनी वनस्पतिशास्त्रात नाव काढलं, तिसरा त्याआधीच गेला. म्हणून दोन पाकळ्या ठसठशीत आणि तिसरी फिकी, लहानशी. नाव देणाऱ्यानं त्यालाही वगळलं नाही, हे सांगताना बाबांचा आवाज दरवेळी हळू व्हायचा. तण राहिलं.

बाबांनी स्वतः एकाच प्रजातीला नाव दिलं होतं. कड्याच्या सावलीत वाढणारं, बोटभर उंचीचं झुडूप. आई गेली त्या वर्षी त्यांनी आईच्या नावाला लॅटिन शेपूट लावलं आणि ते छापून आणलं. ती तेव्हा सात वर्षांची होती. शाळेत ‘माझी आई’ लिहायला सांगितलं, तर तिनं त्या झुडपाचं पान वहीत चिकटवून नेलं होतं.

ती प्रजाती वेगळी नव्हती. अकरा वर्षांपूर्वी दूरच्या एका संग्रहालयानं पाठवलेल्या छायाचित्रात तिला तेच झुडूप दिसलं, शंभर वर्षं आधी दुसऱ्याच नावानं नोंदलेलं. या शास्त्राचा नियम साधा आहे: जुनं नाव टिकतं, नवं पडतं. तिनं ते छायाचित्र टेबलाच्या तळच्या खणात टाकलं आणि ती लिहीत असलेल्या ग्रंथाचं शेवटचं प्रकरण, ज्यात हे झुडूप यायचं होतं, लिहायचं थांबवलं. तिच्या संग्रहालयाचे संचालक थट्टेनं म्हणत, की बाई निवृत्त होतील, पण प्रकरण निवृत्त होणार नाही. ती हसून वेळ मारून न्यायची. बाबा आहेत तोवर आईचं नाव पाडायचं नाही, एवढं तिचं पक्कं होतं.

चहा घेताना बाबांनी विचारलं, “शेवटचं प्रकरण झालं का गं?”

“राहिलंय थोडं.”

“राहू दे मग. मला काही घाई नाही.” त्यांनी बिस्कीट बुडवलं, ते तुटून कपात पडलं, आणि ते चमच्यानं काढत बसले. तिला त्या संध्याकाळी फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन गेली, तेव्हा ते उठले नाहीत.

लोक म्हणाले, सुखानं गेले. तेही आईचं नाव शाबूत असताना गेले, असं ती मनाशी म्हणायची. बाकी कशानं नाही, तरी तेवढ्यानं तिला झोप लागायची.

आठ महिन्यांनी तिनं खण उघडला. आता सांगायला हरकत नव्हती; दुखावणारं कोणी उरलं नव्हतं. पण नुसत्या छायाचित्रावरून एखाद्याचं नाव पाडायचं नसतं. मूळ नमुना हाताळावा लागतो, बी पाहावं लागतं. दोन गाड्या बदलून ती त्या संग्रहालयात पोचली.

तिथल्या मदतनीस बाईंनी लोखंडी कपाटातून कागद काढून दिला. हा गठ्ठा कोणी मागत नाही, असं त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. कागदावर तेच झुडूप होतं. कोपऱ्यात, गळून पडलेलं बी जपायला चिकटवतात तशी, घडीची छोटी कागदी पुडी होती. छायाचित्रात ती मिटलेली होती.

तिनं चिमट्यानं घडी उलगडली. चार बिया निघाल्या, आणि त्यांच्या खाली एक चिठ्ठी. असं मत नमुन्याशेजारी उघड चिकटवायचं असतं, पुढच्या माणसाला दिसेल असं. पुडीत कोणी लपवत नाही.

अक्षर बाबांचं होतं.

“तपासलं. माझी प्रजाती ती हीच. माझं दिलेलं नाव पडायला हवं. पण मुलगी अजून नऊ वर्षांची आहे. ती मोठी होईपर्यंत थांबतो.”

तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. दालनात दुसरं कोणी नव्हतं.

“बाबा,” ती मोठ्यानं म्हणाली, “नाव पडलं तरी चालेल मला.”