सहा घरांची फर्माईश

"नळी आठ इंचाची पाह्यजे. त्याच्याहून सूतभर कमी नको," चारुदत्त शेठ म्हणे.

पूनमसिंग लेथच्या बाजूले उकिडवा बसून ऐकत होता. मारेगावात त्याचं दुकान होतं. फवारणीचे पंप, डवऱ्याची पाती, इंजिनाचे शाफ्ट, लोखंडाचं म्हणून जे असन ते त्याच्याकडं येई. माप त्यानं कधी कागदावर घेतलं नाही. एकदा कानातून गेलं का वीस वर्षं डोक्यात राहे.

शेठचं बियाण्याचं दुकान बाजारात, ठाण्याच्या ऐन समोर. त्याले नाद जुन्या बंदुकांचा. नागपूरहून चित्राची पुस्तकं आणे आन गिऱ्हाईक उभं ठेवून पाहत बसे.

"आजकालचं ते चपटं पिस्तूल म्हणजे साबणाची वडी," शेठ सांगून राह्यला होता. "आपल्याले जुन्या जमान्यातलं रिव्हॉल्वर पाह्यजे, गोऱ्या साहेबाच्या कमरेचं. सहा घरं. चाक फिरलं का टिक-टिक वाजलं पाह्यजे. घोडा अंगठ्यानं ओढाचा, वळलेला, विंचवाच्या नांगीसारखा. मूठ शिसवीची. मुठीच्या बुडाले कडी, दोरी ओवाले. आन काळा रंग नको. मोराच्या मानेचा निळा राह्यते ना, तो."

"भितीवर टांगाले का चालवाले?"

"भितीवर आमच्या बाबांचा फोटो आहे. चालवाले."

लायसनचं पूनमसिंगनं इचारलं नाही. शेठनंच सांगतलं का लायसनवर दुकानातलं कोरं डबडं भेटते, असं देखणं नाही भेटत.

पूनमसिंग शेठच्या तोंडाकडं पाहत होता. याच तोंडानं दिवाळीच्या आधी भर बाजारात त्याच्या बहिणीचं पाणी उतरवलं होतं.

धनीबाई त्याची मोठी बहीण, नवरा नसलेली. तांड्याच्या खाली तिचं चार एकर. जिकडं तिकडं नव्या बियाण्याचा बोभाटा होता, तिनं शेठकडून पिशव्या नेल्या. बिल मागतलं तं शेठ म्हणे, नंतर नेजो बाई, गर्दी आहे. सगळ्याईलेच तसं म्हणे. झाडं झाली माणसाएवढी, आन बोंडाचा पत्ता नाही. सतरा घरच्या वावरात तेच. तालुक्याच्या हापिसात अर्ज द्याले गेली तं पहिलं बिल मागतलं. ते आणाले ती शेठच्या पायरीवर गेली.

शेठ गादीवरून म्हणे, "माह्या दुकानातून नेलं, याचा कागद दाखव. नाही तं उतर खाली. तांड्यातले लोकं, आज याचं नाव घ्याचं, उद्या त्याचं."

बाजार हासला. धनीबाई उतरली. पूनमसिंग रस्त्यावर पान्हा धरून उभा होता. तो पान्हा त्यानं काहून फेकला नाही, हे त्याचं त्यालेच उमजलं नाही. तवापासून जेवताना घास गिळला का तो पान्हा घशात आडवा येई.

आन आज हा माणूस त्याच्याच भात्यापाशी खुर्ची ओढून बसला होता, जसं काही झालंच नाही. धनीबाईचा भाऊ म्हणून शेठनं त्याले वळखलंबी नव्हतं.

"लिहून द्या शेठ," पूनमसिंग म्हणे. "मी अडाणी माणूस. इसरतो."

शेठच्या झोऱ्यात कोरं पावतीबुक होतं, वर दुकानाचं छापील नाव. त्याचं पहिलंच पान त्यानं फाडलं. शेठनं खुशीत लिहिलं, नळीपासून कडीपर्यंत, बाजूले चित्रबी काढलं.

"खाली सही आन तारीख टाका. नाही तं उद्या म्हणान, मी सहा इंच सांगतली होती."

"तू तं वकील झाला बे," शेठ हासला, आन सही ठोकली.

पूनमसिंग दोन महिने खपला. शिसवीचा तुकडा घासता घासता त्याचे दात कराकरा वाजत. चाक तीनदा मोडून केलं, कारण टिक-टिक बसक्या आवाजाची येई. धनीबाईनं एका दुपारी भाकर आणली तं त्याच्या मांडीवर ते निळं लोखंड पाह्यलं. तिले समजलं. ती भावाले म्हणे, "भिया, माह्यासाठी असं काही करू नको."

"तुह्यासाठी नाही. माह्या घशासाठी."

नंतर त्यानं एकेकाचे पंप दुरुस्त करून घरपोच देले. लेथले ग्रीस चोपडून पोतं झाकलं. किल्ली धनीबाईच्या हातात देली. पिशवीत दोन जोड कपडे, एक चादर, एक लोटा टाकला. शेठनं आणलेल्या सहा गोळ्या सहा घरात भरल्या.

बाजाराचा दिवस होता. दुपार तापली होती. पूनमसिंग पिशवी घेऊन शेठच्या दुकानासमोर येऊन थांबला. धनीबाई मागून अनवाणी पळत येत होती. पायरीवर चार-सहा गिऱ्हाईक, शेठ गादीवर. पूनमसिंगले पाहून त्याचे डोळे चमकले.

"झालं का रे? आण, आण."

पूनमसिंगनं पिशवीत हात घातला. मूठ हातात भरली, शेठनं सांगतली होती तशीच. अंगठा घोड्यावर गेला. समोर शेठची छाती, चार हातावर. धनीबाईनं त्याची बाही धरली. तो शेठकडं पाहत राह्यला, पाहतच राह्यला, शेठचं हासू इझेपर्यंत.

मंग त्यानं बाही सोडवली, शेठकडं पाठ केली, रस्ता वलांडला आन ठाण्याच्या पायऱ्या चढला.

टेबलावर त्यानं रिव्हॉल्वर ठेवलं, नळी आपल्याकडं करून. पिशवी पायापाशी ठेवली.

"मी बनवलं," तो ठाणेदाराले म्हणे. "मले आत टाका, चादर संगं आणली आहे."

"आन कोणासाठी बनवलं?"

पूनमसिंगनं खिशातून घडी केलेलं पान काढलं, छापील नाव वर येईन असं उलगडलं, आन हातानं सपाट करून ठेवलं.

"समोरच्या शेठसाठी. तो कोणाले बिल देत नाही साहेब. मले देल्लं."