एकवीस सह्या

चिंचोळी एमआयडीसीची पाटी दिसली तसा गौसने गाडीचा वेग आणखी कमी केला.

"काय रे, टायर बसला का?" मागून साहेबांनी विचारलं.

"न्हाय सायेब. रस्ता खराब हाय."

रस्ता गुळगुळीत होता. सोलापूर जवळ यायला नको होतं ते गौसला.

मागच्या सीटवर बसलेले नरेन सारंग म्हणजे एके काळचे हिंदी पडद्यावरचे मोठे हीरो. मूळचे सोलापूर जिल्ह्यातल्या वैरागचे, पण तिथे आता ओळखीचं दारही उरलं नव्हतं. चौऱ्याऐंशी चित्रपट, त्यातले अकरा रौप्यमहोत्सवी, कपाटभर मानचिन्हं, सरकारचा एक सन्मान आणि गेल्याच आठवड्यात मुंबईत मिळालेला जीवनगौरव. त्या सोहळ्यात निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. कॅनडातल्या मुलीने, अंकिताने, मोबाइलवर नुसता अंगठा पाठवला. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. साहेबांनी ते नवं मानचिन्ह जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि त्याच्यासमोर बसून एकट्यानेच वरणभात खाल्ला.

मग म्हणाले, "आता आपलं म्हणावं असं सोलापूरचं मंडळच राहिलं, गौस. त्यांना भेटून येऊ."

तेव्हापासून गौसची झोप उडाली होती. कारण सोलापुरात असं मंडळच नव्हतं.

'नरेन सारंग चाहता मंडळ, सोलापूर' हे गौसच्या डोक्यातून निघालेलं. बावीस वर्षांपूर्वी साहेबांचे ओळीने तीन चित्रपट पडले. त्या वाढदिवसाला ना हार आला, ना फोन. साहेबांनी अन्न सोडलं. ड्रायव्हरने समजूत घातली तर कुठला हीरो ऐकणार? गौस दोन दिवसांची रजा काढून सोलापूरला बहिणीकडे आला. तो सांगत गेला, जाहिदा लिहीत गेली, आणि खाली दोघांनी वेगवेगळ्या पेनांनी एकवीस सह्या ठोकल्या. पत्र पोचलं त्या दिवशी साहेब दोन भाकऱ्या जेवले.

मग दर वाढदिवसाला पत्र जाऊ लागलं. रजेची अडचण कधी आली नाही. वाढदिवसाला आठ दिवस राहिले की साहेबच म्हणायचे, "गौस, बहिणीला भेटून ये की." एका वर्षी मंडळाने त्यांना सिगारेट सोडायची विनंती केली. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि खिशातलं पाकीट काढून गौसच्या हातात दिलं.

"उत्तर टाकायचं का सायेब?" गौसने भीत भीत विचारलं होतं.

"कशाला? त्यांना कळतं सगळं."

असा भोळा माणूस. पडद्यावर त्यांनी भल्याभल्या खलनायकांचे डाव उधळले, आणि घरात एक ड्रायव्हर त्यांना बावीस वर्षं बनवत होता. गौसला याची लाज वाटायची. आज सगळं उघडं पडणार होतं. नोकरी गेली तर गेली. पण साहेबांचं ते शेवटचं मंडळही जाणार होतं, आणि मग हा म्हातारा कुणासाठी जेवणार होता?

"मंडळी गावाला गेली असतील सायेब," गौसने शेवटचा प्रयत्न केला. "जत्रंचे दिस हायेत."

"एकवीसच्या एकवीस? अध्यक्ष तरी भेटेल की. हे त्यालाच द्यायचंय." साहेबांनी मांडीवरचं लाल कापडात गुंडाळलेलं सपाट खोकं थोपटलं. मुंबईपासून त्यांनी ते डिकीत ठेवू दिलं नव्हतं.

सकाळी चहाला थांबले तेव्हा गौसने जाहिदाला फोन केला होता. ती खरी हुशार बाई. तिने गल्लीतली अठरा माणसं गोळा करून अंगणात खुर्च्यांवर बसवली होती. यंत्रमागावरून निवृत्त झालेला ईरप्पा अध्यक्ष झाला होता, कारण इस्त्रीचा पांढरा सदरा त्याच्याकडेच होता.

गाडी जाहिदाच्या दारात थांबली आणि साहेब उतरले. टाळ्या वाजल्या. ईरप्पाने हार घातला.

"अध्यक्ष, माझा कोणता सिनेमा आवडला?"

"त्यो हत्तीचा!" ईरप्पा छाती फुगवून म्हणाला. "हत्ती मरतो तवा आमी समदे लई रडलो की."

साहेबांनी उभ्या जन्मात हत्तीबरोबर काम केलं नव्हतं. गौसने डोळे मिटून घेतले.

"मीही रडलो होतो," साहेब म्हणाले.

मग त्यांनी बशीत ओतून चहा प्यायला. एकेकाचं नाव विचारलं. जाहिदाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिचं अक्षर फार सुरेख असणार, असं काहीतरी बोलले. गौसचं तिकडे लक्षच नव्हतं. कोण कधी काय बरळेल या धास्तीने तो प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता.

शेवटी साहेबांनी लाल कापड सोडलं. आत चौकट होती आणि चौकटीत मानपत्र. कागद पिवळा पडला होता, शाई फिकी झाली होती. ईरप्पाने दोन्ही हात पुढे केले.

"थांबा अध्यक्ष. मानपत्र आधी वाचतात, मग देतात. मला चाळीस मिळाली, पण लिहिलं हे एकच." साहेबांनी चौकट गौससमोर धरली. "चष्मा गाडीत राहिला बघ. तूच वाच."

चष्मा त्यांच्या खिशातून डोकावत होता.

"मोठ्याने वाच," साहेब म्हणाले.

गौसने घसा खाकरला.

"नरेन सारंग चाहता मंडळ, सोलापूर, या मंडळाचे अध्यक्ष, सचिव आणि एकमेव सभासद श्री. गौस नदाफ यांस..."