फिकट निळा खडा

"कोणी केलं ते सांगतच नाही हो." आईने श्रवणयंत्र टेबलावर ठेवलं. "महिन्यात तिसऱ्यांदा. आज तर च्युइंग गम कोंबलंय."

कानाची मापं घेणाऱ्या बाईंनी हातातलं काम संपवलं. एका डबीतला पांढरा लगदा, दुसरीतला निळा. दोन्ही सारखे घेऊन एकत्र मळायचे आणि मापासाठी कानात भरायचे. पाच मिनिटांत घट्ट. मुदत संपलेल्या डब्या त्या घरी नेत. लेकीला त्याचे मणी वळायचा भारी नाद. टेबलावरच्या फोटोतही तिच्या गळ्यात तशीच माळ होती.

नऊ वर्षांची मुलगी आईला चिकटून उभी होती. यंत्राशिवाय ती फक्त ओठ वाचायची.

"वर्गात काय म्हणतात हिला?"

"बहिरं भूत. मागून हाका मारायच्या, आणि ही वळली नाही की खिदळायचं."

बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. "नुसतं नाव कळू दे. त्या कार्ट्याच्या आईलाच विचारते, घरी हेच शिकवतेस का म्हणून!"

"जाऊ द्या. उद्या शाळेतून नावच काढते हिचं. घरी बसली तरी चालेल."

"अजिबात नाही. हिने का म्हणून घरी बसायचं? माझी लेक हिच्याच वर्गात आहे ना. हिच्या शेजारी बसायला सांगते तिला. बघू मग कोणाची छाती होते!"

आईचे डोळे भरून आले. "देवासारख्या भेटलात बघा."

मुलगी बाईंच्या ओठांवरून नजर काढत नव्हती. तिने आईचा हात ओढला.

"मशीन नको. घरी चल."

"असं काय गं वेड्यासारखं? दोन मिनिटं थांब. काकू करतायत ना नीट."

बाईंनी दिवा लावला, भिंग जवळ ओढलं आणि चिमटा आत घातला. च्युइंग गम ताणलं जातं, तुटतं, चिकटून बसतं. इथे तसं काहीच झालं नाही. अख्खा खडा अलगद बाहेर आला.

"निघालं का हो?"

बाईंनी तो दिव्याखाली धरला. खडा गुळगुळीत होता, फिकट निळा. त्यांनी तो नखाने दाबून पाहिला. मग पुन्हा दाबून पाहिला.

मुलीची नजर त्यांच्या ओठांवरून हलली आणि टेबलावरच्या फोटोवर जाऊन थांबली.